चार फूट तीन इंचांवरचं प्रदर्शन

पहिल्या भेटीत माणूस आपलं नाव विचारतो, गाव विचारतो, आणि आडनावावरून जे काय काढायचं ते काढून मोकळा होतो. नानांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझी नुकतीच खर्डीच्या टेलिफोन एक्स्चेंजला बदली झालेली. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक, आणि मी त्यांच्या ओटीवर भाड्याची खोली बघायला उभा. त्यांनी एक डोळा बारीक करून मला खालून वर न्याहाळलं आणि आत तोंड वळवून म्हणाले, "डोळा पाच-सात. या घरात वाकायला लागंल याला."

मला वाटलं, दाराच्या चौकटीबद्दल बोलतायत. चौकट बुटकी होतीच, आणि मी सहा फुटांच्या वर. पहिल्या आठवड्यात तीनदा कपाळ आपटून घेतलं. नानांची बायको, जिला मी काकी म्हणायचो, ती चुलीपुढून हसायची. "टेलिफोनचा खांबच आणून ठेवलाय भाड्यानं," म्हणायची. तेव्हापासून नाना मला 'खांबा' म्हणायला लागले. आईबापांनी ठेवलेलं नाव त्या घरात कुणी कधी घेतलं नाही.

पण नाना चौकटीबद्दल बोलत नव्हते. 'डोळा पाच-सात' म्हणजे जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची, पाच फूट सात इंच. भेटेल त्या माणसाची उंची ते अशीच डोळ्यापर्यंत मोजायचे, आणि तीही नुसत्या नजरेनं. सरपंच चार-अकरा. किराणावाला पाच-दोन, पण मान खाली घालून बसतो म्हणून चार-आठ धरायचा. डोळ्याच्या वरचं कपाळ, डोकं, टोपी, फेटा याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "वरचा भाग काय बघतोय थोडाच," म्हणायचे.

याचं कारण त्यांची नोकरी. मुंबईत चित्रांची एक गॅलरी होती, तिथं नाना चित्रं टांगायचे. काढायचे नव्हेत, टांगायचे. चित्रकार आपली चित्रं आणून ठेवणार, आणि कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, दोघांत किती अंतर, हे बघून खिळे मारणार नाना. नव्या चित्रकारांची नवी चित्रं. आपल्याला बघून घाम फुटेल अशी. गावात बरेच जण समजायचे, नाना फोटोफ्रेमच्या दुकानात आहेत. नानांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

दुरुस्त करायचे ते फक्त भिंतीवरचं. शर्टाच्या खिशात बोटभर लांबीची पाणसळ असायची, गवंडी वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. पोस्टातलं कॅलेंडर, शाळेतले पुढारी, हॉटेलातला गणपती, जे वाकडं दिसेल त्याच्या वरच्या कडेवर ती ठेवायची आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत सरकवायचं. कुणाच्या दहाव्याला गेले तरी आधी हार घातलेला फोटो सरळ करायचे, मगच हात जोडायचे. एकदा एका म्हाताऱ्याचा पोरगा वैतागून म्हणाला, "ऱ्हाऊंद्या नाना, बाबा जिवंत होते तवाबी वाकडेच होते."

नाना म्हणाले, "तवा ते तुझ्या ताब्यात होते. आता भिंतीवर हायत." आणि बुडबुडा मध्ये आणूनच हलले.

खरी गंमत रविवारी. दुपारी चारच्या ठोक्याला नाना इस्त्रीचा शर्ट घालून माजघरात उभे राहायचे. माजघराच्या तिन्ही भिंतींवर ओळीनं खिळे मारलेले, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक कोरा पुठ्ठा. चित्रं बांधून येतात त्या खोक्यांचे पुठ्ठे. गॅलरीत टाकून द्यायचे, ते नाना घरी आणत. पुठ्ठ्यावर रेघसुद्धा नाही. फक्त मागच्या बाजूला पेन्सिलीनं चित्राचं नाव आणि टांगायची उंची. उंची सगळीकडं एकच, ४-३. भिंतीपासून तीन पावलांवर जमिनीवर खडूची रेघ. तिच्या पलीकडं जायचं नाही, पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. मुंबईच्या गॅलरीत त्या आठवड्यात जे प्रदर्शन लागलेलं असेल, ते नाना या कोऱ्या पुठ्ठ्यांवर काकीला दाखवायचे. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, अगदी क्रमानं.

काकी यायची हातात सूप घेऊन. तांदूळ निवडत निवडत एकेका पुठ्ठ्यापुढं सरकायची. ती पावणेपाच फुटांची जेमतेम, म्हणजे डोळा बरोबर चार-तीन. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "नाना, गॅलरीत पण एवढं खाली लावतात?"

"गॅलरीत मध्य पाच फुटावर," नाना म्हणाले. "हे घर हाय."

चित्राचा अर्थ नाना कधीच सांगायचे नाहीत. त्यांना विचारला तर चिडायचे. ते सांगायचे वजन किती, कितीजणांनी उचललं, कुठला कोपरा दबलाय, सकाळी त्याच्यावर उजेड कुठून येतो. आणि मुख्य म्हणजे ते चित्र कुणी कसं बघितलं. "हे सगळं निळं हाय. वरपासून खालपर्यंत. परवा एक बाई आली, निळंच लुगडं नेसलेली. अर्धा तास उभी. मग पिशवीतनं चष्मा काढलान, पुसलान, परत पिशवीत टाकलान आणि गेली."

"नुसतं निळं?" काकी सुपातला खडा उचलत विचारायची.

"नुसतं निळं."

"मग चष्मा कशाला पायजे होता तिला?"

नाना विचारात पडायचे. पुढच्या रविवारी, प्रदर्शन दाखवायच्या आधी, त्याचं उत्तर घेऊन यायचे. कधी उत्तर नसायचं, तर तसं सांगायचे.

एकदा भिंतीवर पुठ्ठाच नव्हता. आढ्याला सुतळ्या बांधून स्वयंपाकघरातली सगळी पातेली टांगून ठेवलेली. नाना म्हणाले, गॅलरीत एका चित्रकारानं असे चाळीस टोप टांगलेत, कमी पडतात ते समजून घ्या. काकी खाली उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "एवढ्या टोपांत लग्नाचा भात होईल गावाचा."

"तेच कुणीतरी बोललं तिथं," नाना म्हणाले. "पर इंग्रजीत."

त्या दिवशी दोघं इतकी हसली की काकीला खाली बसावं लागलं. रात्रीच्या भाताला टोप नव्हता, तो सुतळी कापून काढला.

मी सुरुवातीला या सगळ्याची चेष्टाच करायचो. एका रविवारी मला मॅच बघायला जायचं होतं. नानांनी पकडून रांगेत उभं केलं. चार-तीनवर टांगलेलं बघायला मला गुडघ्यात वाकावं लागायचं, कंबर धरायची. मी भराभर पुढं सरकत प्रत्येक पुठ्ठ्यापुढं म्हणायला लागलो, "दिसलं. दिसलं. हेपण दिसलं."

नाना थांबले. "काय दिसलं? सांग."

मी काहीबाही सांगितलं. डोंगर, सूर्य, झोपडी. नानांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "नाय दिसलं तर नाय दिसलं म्हणायचं. तिथंबी बरेच लोक दिसलं म्हणतात. मी दारात उभा असतो, मला कळतं."

मला लाज वाटली. मॅचला गेलो नाही. पुढं मी प्रामाणिकपणे "नाय दिसलं" म्हणायला शिकलो, आणि मग कधीमधी दिसायलाही लागलं. एका पुठ्ठ्याचं नाव होतं 'विहिरीतलं ऊन'. नाना सांगत होते की चित्रकाराच्या आईनं त्या चित्राकडं पाठ केली आणि बाकीची सगळी बघितली. आमच्या टोकावड्याच्या मळ्यातली विहीर माझ्या डोळ्यापुढं आली, दुपारी बाराला तळ दिसायचा ती. माझ्या आईनं त्या विहिरीकडं जायचं का सोडलं होतं तेही आठवलं. मी बराच वेळ वाकलेलाच राहिलो. नानाही पुढच्या चित्राकडं गेले नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. प्रदर्शन तीन आठवडे. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पुठ्ठे उतरवायचे, कोपऱ्यांना भाताचा पेंढा लावून वर्तमानपत्रात बांधायचे आणि माळ्यावर टाकायचे. एकदा उतरवलेलं पुन्हा दाखवायचं नाही, त्याबद्दल बोलायचंही नाही. काकी एकदा म्हणाली, "अवो, ते मागचं निळं परत एकदा लावा ना." नाना म्हणाले, "उतरवलं मंजी उतरवलं. लोक गाव सोडून येतात, तरी चुकलं की चुकलं." बायकोलासुद्धा सवलत नाही. असला माणूस.

काकीला पोटाचं दुखणं झालं तेव्हा तिला कल्याणच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं. मी रजा टाकून बरोबर गेलो. खर्डी स्टेशनावर नाना तिकिटाच्या रांगेत, आणि आम्ही दोघं पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर. गाडीला वेळ होता. काकी एकदम म्हणाली, "ह्याच बाकावर बसलेली मी, मुंबईला जायला निघाले तवा."

मला माहीत होतं की ती मुंबईची गॅलरी बघायला कधीच गेली नव्हती. तसं म्हटलं.

"नायच गेले. यांनी बोलावलेलं. लई वर्षं झाली त्याला. मंगळवार होता. नवं लुगडं नेसले, डबा बांधला, येऊन हितं बसले. गाडी आली. मी बसूनच ऱ्हायले. गाडी गेली. दुसरी आली, तीबी गेली. मग घरी आले."

"का पण?"

तिनं तिकिटाच्या खिडकीकडं बघितलं. नाना अजून रांगेत होते. "खरी चित्रं बघून आले असते तर मग दर रविवारी हे मला कशाला दाखवतील? दाखवायचं कायच उरलं नसतं," ती म्हणाली. "यांना सांगितलं, म्हैस अडली. म्हशीतलं काय कळतंय यांना. तू सांगू नको हां बाबा."

मी नाही सांगितलं. काकी त्यानंतर दोन महिने होती. शेवटच्या दोन रविवारी तिला उठवत नव्हतं, म्हणून नानांनी पुठ्ठे तिच्या खाटेभोवती मांडले. ती गेली त्या आठवड्याचं प्रदर्शन त्यांनी तीन आठवडे पुरे व्हायच्या आधीच उतरवलं. असं त्यांनी एकदाच केलं.

पुढं नाना निवृत्त झाले. मुंबईचं जाणं संपलं, तसा नव्या प्रदर्शनांचाही प्रश्न मिटला. तरी रविवारी चारला इस्त्रीचा शर्ट असायचाच. आठवणीतली जुनी प्रदर्शनं लावायला लागले. पण एकदा लावलेलं परत नाही, हा नियम पाळून, म्हणजे काकीला पूर्वी दाखवायची राहून गेलेली तेवढीच. बघायला मी एकटा. गावातलं कुणी येत नव्हतं, आणि नाना कुणाला बोलवतही नव्हते. त्या माजघरात आम्ही दोघंच, एक सांगणार आणि एक वाकून बघणार. बाहेर पोरांचा गलका ऐकू यायचा, त्यामुळं आत आणखीच सुनं वाटायचं.

एकदा माझी कंबर फारच धरली. मी म्हटलं, "नाना, आता तरी खिळे जरा वर घ्या की."

"कुणासाठी?" नाना म्हणाले.

मी समोरच उभा होतो. चिडून बोलणार होतो, पण त्यांचं तोंड बघितलं आणि पुन्हा वाकलो.

माझं लग्न ठरलं आणि मुरबाडला बदली झाली. मी खोली सोडली तेव्हा नाना ट्रंक उचलायला आले नाहीत. ओटीवर उभं राहून म्हणाले, "चौकटीतनं वाकून जा." तेवढंच. मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूर, तिथून खर्डी. एस्टीनं जायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो. आधी महिन्यातून जायचो, मग दोन महिन्यांतून, मग सणावारी. मला मुलगी झाली, कामं वाढली. सबबी सगळ्या खऱ्या होत्या. त्यांच्या घरी फोन मात्र मीच बसवून दिला होता. तो वाजायचा कमीच.

तोवर इंटरनेट आलं. शहापूरला एस्टी स्टँडजवळ एक बाई झेरॉक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर ठेवून सायबर चालवायच्या. त्यांची लाइन दुरुस्त करायला गेलो असताना सहज म्हणून मी नानांच्या गॅलरीचं नाव टाइप केलं. निघालं की! नुसती माहिती नव्हे. घरबसल्या प्रदर्शन बघायची सोय. माऊस ओढला की दालन गोल फिरायचं, बाणावर दाबलं की आपण चित्राच्या जवळ सरकायचो, आणि एक मुलगी गोड आवाजात इंग्रजीत माहिती सांगायची. मला इतका आनंद झाला. पुढच्याच शनिवारी नानांना खर्डीहून शहापूरला आणलं. काय आहे ते सांगितलं नाही.

चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. वरचं छत आलं, मग भिंत. नाना खुर्चीत पुढं सरकले. "हा उजवा कोपरा," म्हणाले. "हितं ओल यायची. अजून येते, बघ." बोट काचेवर टेकवणार होते, पण तीन पावलांच्या सवयीनं मागं घेतलं. मुलीचा आवाज त्यांनी बंद करायला लावला. मी दालन फिरवत राहिलो. पहिली भिंत, दुसरी भिंत, मधला खांब, दार. परत पहिली भिंत.

"माणसं कुठं हायत?" नानांनी विचारलं.

"यात माणसं नसतात नाना. नुसतं प्रदर्शन."

"मग बघतंय कोण?"

"आपण बघतोय की."

"आपण शहापुरात हाव," नाना म्हणाले. त्यांनी मला दालन आणखी एकदा पूर्ण फिरवायला लावलं, सावकाश. बहुतेक त्यांना वाटलं असेल की कुणीतरी मागं, कोपऱ्यात असेल. कुणी नव्हतं. "बंद कर," ते म्हणाले. "रिकामं बघवत नाय."

माझा आनंद पार उतरला. आम्ही स्टँडच्या कॅन्टीनमध्ये चहाला बसलो. तिथं नाना आपणहून बोलायला लागले, आणि इतक्या वर्षांत माहीत नसलेली गोष्ट मला कळली.

"मी शेवटची अकरा वर्षं टांगत नव्हतो," ते म्हणाले. "नुसतं बांधायला होतो. मागच्या गोदामात. दाराच्या फटीतनं माणसं दिसायची तेवढीच."

काकीला हे माहीत नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं.

"तिला एकदा खरं दाखवायचं होतं. किती वर्षं पुठ्ठेच दाखवायचे? मोठा चित्रकार होता, बावीस चित्रं. मी तिला सांगितलं, मंगळवारी ये, व्हीटीला घड्याळाखाली उभा ऱ्हातो. आणि सगळी बावीस चित्रं चार-तीनला टांगली."

"अहो नाना!"

"सोमवारी उद्घाटन झालं. मोठीमोठी माणसं, सगळी वाकून बघताना. गॅलरीच्या बाईंना वाटलं, चित्रकाराचा हट्ट असंल. चित्रकाराला वाटलं, बाईंची नवीन फॅशन. दोन दिवस कोण कुणाला बोललं नाय. बुधवारी दोघं एकमेकांशी बोलले, आणि मला गोदामात पाठवलान." ते जरा हसले. "त्याचं काय नाय. चूक ती चूक. पर मंगळवारी मी घड्याळाखाली तीन गाड्या बघितल्या. ती आली नाय. घरी आलो तर मंते, म्हैस अडली."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हैस गाभण पण नव्हती, खांबा. मला म्हशीतलं कळत नाय, पर एवढं कळतं. तिला बघायचंच नव्हतं. रविवारी नवऱ्याचं मन राखायला उभी ऱ्हायची बिचारी. तांदूळ निवडत."

काकीला दिलेला शब्द मी त्या टेबलावर मोडला. स्टेशन, नळाजवळचं बाक, नवं लुगडं, सुटलेल्या दोन गाड्या, आणि ती जे म्हणाली ते, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न गाळता सांगितलं. नानांनी बशी खाली ठेवली.

"कुठलं बाक? नळाजवळचं?"

"हो."

"मंजी आवडायचं तिला."

"आवडायचं, नाना."

त्यांनी खिशातून पाणसळ काढून टेबलावर ठेवली आणि बुडबुड्याकडं बराच वेळ बघत बसले. मग नाक पुसून म्हणाले, "टेबल वाकडं हाय यांचं." पोऱ्याकडून कागदाची घडी मागून त्यांनी टेबलाच्या पायाखाली सारली, तेव्हाच आम्ही उठलो.

महिन्याभरानं मुरबाडच्या ऑफिसात त्यांचा फोन आला. नानांनी स्वतः केलेला तो पहिलाच. फोनवर ते ओरडून बोलायचे. "येत्या रविवारी चार वाजता. नवं प्रदर्शन हाय. जुनं नाय, कुणीच बघितलेलं नाय असं. पाव्हणा तू एकलाच. येशील ना?"

"येणार म्हणजे काय! येतो नाना."

रविवारी सकाळी माझा मेहुणा बायकापोरांसह आला. मटण आणलं. जेवणं होईपर्यंत दोन वाजले, शेवटची सोयीची एस्टी गेली. मनात म्हटलं, तीन आठवडे असतं त्यांचं, पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या रविवारी लेकीला ताप. तिसऱ्या रविवारचं तर मला आज कारणही आठवत नाही. मी टेलिफोन खात्यातला माणूस, टेबलावर दोन फोन; एक फिरवून 'नाना, जमत नाही' एवढंही सांगितलं नाही. याला दुसरं कारण नाही, मी गृहीत धरलं त्यांना.

चौथ्या रविवारी गेलो. चारच्या आत पोचलो. माजघराच्या भिंती मोकळ्या, जमिनीवरची खडूची रेघ पुसलेली. नानांचा शर्ट साधा होता.

"उतरवलं," ते म्हणाले. "मागच्या रविवारी तीन आठवडे झाले."

"नाना, एकदा लावा परत. माझ्यासाठी."

"उतरवलं मंजी उतरवलं." रागावले नव्हते. त्यांनी चहा केला, लेकीची चौकशी केली, तिचा डोळा किती असेल ते विचारलं. कशाचं प्रदर्शन होतं ते दोनदा विचारूनही सांगितलं नाही. निघताना ओटीपर्यंत आले. "पहिल्या रविवारी वाट बघितली जरा," म्हणाले. "मग मीच बघितलं एकला. रिकाम्यात."

त्या दिवाळीनंतर एका दुपारी नाना ओटीवर बसल्या बसल्या गेले. त्यांचा पुतण्या टेम्पो चालवतो, त्यानं मला फोन केला. दहाव्याला गेलो तर माजघरात नानांचा फोटो हार घालून लावलेला, डावीकडं कललेला. पाणसळ कोनाड्यातच होती. ती ठेवून फोटो सरळ केला, बुडबुडा मध्ये आणला, मग हात जोडले.

पुतण्याला घराला रंग काढायचा होता. खिळे उपटायला तो पक्कड घेऊनच उभा होता. म्हणाला, "येवढे खिळे कशाला मारून ठेवलेत काय म्हाईत. आणि हे सगळे खाली, छातीएवढे, हा एकच येडा एवढा उंच." मी वळून बघितलं. समोरच्या भिंतीवर, ओळीच्या शेवटी, एक खिळा खरंच वर होता. मी राहायला होतो तेव्हा तो नव्हता, आणि त्या चौथ्या रविवारी माझ्या लक्षातही आला नव्हता.

"माळ्यावर तुमच्या नावाचं बोचकं हाय," पुतण्या म्हणाला. "खांबा लिवलंय. तुमीच ना?"

वर्तमानपत्र, सुतळी, कोपऱ्यांना पेंढा. नानांचं बांधणं कुणालाही ओळखू आलं असतं. आत नऊ पुठ्ठे, कोरे. मी एकेक उलटा करून वाचत गेलो. 'निळ्या लुगड्यातली बाई, अर्धा तास. ४-३.' 'चित्रकाराची आई, पाठमोरी. ४-३.' 'टोपांखाली हसताना. ४-३.' 'नळाजवळचं बाक, दोन गाड्या. ४-३.' चित्रं नव्हतीच ती. आयुष्यभर दारात उभं राहून, गोदामाच्या फटीतून आणि या माजघरात नानांनी जी बघणारी माणसं बघितली, ती त्यांनी टांगली होती.

नववा पुठ्ठा तळाशी होता. 'खांबा, वाकून बघताना.' पुढं उंची. मी ती दोनदा वाचली.

५-७.

त्या एका रविवारी मला वाकावं लागणार नव्हतं.

पुतण्याला थांबायला सांगितलं. पुठ्ठा त्या उंच खिळ्याला अडकवला, तीन पावलं मागं आलो आणि सरळ उभा राहिलो. बरोबर डोळ्यासमोर होता. पुतण्या पक्कड हातात घेऊन शेजारी आला, पुठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय हाय ह्याच्यात?" त्यानं विचारलं.

"मला बोलावलं होतं," मी म्हटलं. "मी आलो नाही."